चामडी सीट आणि नालवाडीचे चर्मालय

जुन्या सायकलींचे शौकीन आधी सीट पाहतात. बर्मिंगहॅमच्या ब्रूक्सने १८८२ मध्ये चामडी सीटचे पेटंट घेतले. जाड चामडे पोलादी सांगाड्यावर ताणलेले असते. वापरता वापरता ते बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते. सैल पडले की पुढचा नट जरासा आवळायचा. भिजलेल्या सीटवर मात्र बसू नये, झोळ पडतो.

पण चामडे येते कुठून, हाही प्रश्न आहेच. वर्ध्यालगतच्या नालवाडीत, विनोबा भाव्यांच्या आश्रमाच्या गावी, १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय, म्हणजे कातडी कमावण्याचे केंद्र, चालवले. कातडे फक्त मेलेल्या जनावरांचे, कत्तलीचे नाही. ब्रूक्सची सीट मिरवणाऱ्यांना हा भेद सहसा सुचत नाही.