फुंक मारल्यानंतरचे दोन तास

हिंगोली–नांदेड रस्त्यावर रात्री नाकाबंदी लागली की चालकाला यंत्रात फुंक मारायला सांगतात. प्यालेली दारू रक्तात मिसळते आणि फुफ्फुसांत तिची वाफ श्वासात उतरते. फुफ्फुसाच्या तळची हवा यावी म्हणून फुंक लांब, न थांबता मारावी लागते. यंत्रातल्या प्लॅटिनमवर त्या वाफेची रासायनिक क्रिया होऊन किंचित वीज तयार होते आणि तिच्या प्रमाणात आकडा उमटतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

‘खोकल्याचं औषध घेतलं होतं’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. औषधातले अल्कोहोल काही वेळ तोंडात राहते आणि आकडा फुगवते. पण पंधरा-वीस मिनिटांत ते ओसरते, म्हणून तेवढे थांबून पुन्हा फुंक घेतली की शंका फिटते. ‘मला चढत नाही, रोजची सवय आहे’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. सवयीने बोलणे-चालणे सावरते, ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ सावरत नाही. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल तर हे आठ मीटरच जीव घेतात.

मग तोंडाचा वास आणि डळमळती चाल एवढा पुरावा का पुरत नाही? १९७१ साली बच्चूभाई हसनअली कर्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतल्या अपघाताच्या खटल्यात डॉक्टरांनी नेमकी हीच लक्षणे नोंदवली होती, रक्त-लघवीची तपासणी मात्र झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नशेचा आरोप सिद्ध मानला नाही, आणि ते योग्यच झाले. लक्षणे आजाराची किंवा अपघाताच्या धक्क्याचीही असू शकतात. म्हणून यंत्राच्या आकड्याला रक्ततपासणीची जोड हवी, आणि इथे घड्याळ आडवे येते. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल कमी करते. नाकाबंदीत ४५ भरलेला माणूस दोन तासांनी १५ वर, म्हणजे कायद्याच्या मर्यादेत येतो. कायदाही अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी मागतो. ती झाली नाही तर आरोपीला सोडावे लागते. सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या आडमार्गावर मध्यरात्री पकडलेल्या माणसाच्या बाबतीत हे दोन तास पोलीस ठाणे, वाहन आणि डॉक्टर गाठण्यातच सरू शकतात. शिवाय सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसली, तर बचावाच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो.

नुसती यंत्रे वाढवून हे सुटणार नाही. नाकाबंदी ठरवतानाच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात त्या रात्री डॉक्टर आणि रक्त टिकवणारी सीलबंद नळी तयार ठेवावी. आणि चालकांनी फुंक मारायला नकार देऊ नये: सबळ कारण नसताना दिलेला नकार कलम २०५ नुसार न्यायालयात त्यांच्याच विरोधात जातो.