प्रवेशाचे पत्र आल्यानंतर



गेल्या जुलै महिन्यात आमच्या सोलापुरातील शेजाऱ्यांच्या घरी पेढे वाटण्यात आले. त्यांच्या कन्येस बंगळूरच्या के. आर. पुरम भागातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली होती. पूर्वी असली वार्ता पोस्टमन आणीत असे. हल्ली ती मुलांच्या मोबाईलवर उमटते, आणि तीही बहुधा रात्री जेवणे चालू असता. दुसरे दिवशी सकाळी मुलीचे वडील त्या पत्राची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले. नोकरीच्या निमित्ताने मी बारा वर्षे के. आर. पुरमलगतच्या दूरवाणीनगरात काढली आहेत, तेव्हा ‘आता पुढे काय करावयाचे ते तुम्ही सांगा’, असे त्यांचे म्हणणे होते. मी विचारले, “पत्र वाचले का?” वडिलांनी पहिला परिच्छेद वाचला होता. मुलीने अभिनंदनाची ओळ वाचून पत्र मैत्रिणींना धाडले होते. मी प्रत तिच्याच हाती दिली आणि सगळे मोठ्याने वाचावयास सांगितले. त्या वाचनास पाऊण तास लागला. आणि पाऊण तासानंतर घरातील आनंद जरी उणावला नाही, तरी त्यास थोडी जाग आली.

जागा देऊ केल्याचे पत्र म्हणजे प्रवेश नव्हे. अमुक तारखेच्या आत अमुक रक्कम भरा, अमुक कागद मुळातून दाखवा, तुमचे गुण अमुक मर्यादेखाली नसावेत, एवढे सर्व घडले तर तुम्हांस प्रवेश देऊ, असा तो सशर्त शब्द असतो. या शर्तींचे ओझे कधी किती होते याचा एक दाखला कर्नाटकातलाच आहे. १९९१ च्या सत्रासाठी उत्तर प्रदेशातील मीरतच्या एका विद्यार्थिनीस बंगळूरजवळच्या तुमकूर येथील वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेश देऊ केला. त्या वेळच्या सरकारी अधिसूचनेप्रमाणे सरकारी जागेवरील विद्यार्थ्यास वर्षाला २,००० रुपये, इतर जागांवरील कर्नाटकी विद्यार्थ्यास २५,००० पर्यंत, आणि परप्रांतीयास ६०,००० पर्यंत शुल्क आकारता येत असे. पहिल्या वर्षाचे ६०,००० रुपये आणि पुढील वर्षांसाठी बँकेची हमी, अशी मागणी झाली. वडिलांनी आपली ऐपत नसल्याचे कळविले आणि जागा गेली. मुलगी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलै १९९२ मध्ये न्यायालयाने देणगीवजा शुल्काच्या विरुद्ध निकाल दिला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात त्यास मुरड घातली गेली, तरी खासगी महाविद्यालयांच्या शुल्काविषयीचा या देशातील सारा कायदा त्या निकालापासून नव्याने घडत आला. त्या मुलीला स्वतःला मात्र ती जागा मिळाली नाही. तिचा प्रवेश गुणानुक्रमे नव्हता आणि अभ्यासक्रम कधीच सुरू झाला होता, म्हणून तसा आदेश देण्याचे न्यायालयाने नाकारले.

आमच्या शेजारकन्येची जागा ‘कॉमेडके’ या परीक्षेतून मिळालेली होती. कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांनी मिळून घेतलेली ही परीक्षा सर्व प्रांतांतील मुलांना खुली असते. तेथील सरकारची ‘सीईटी’ ही मुख्यत्वे कर्नाटकातील रहिवाशांसाठी. तिसरी वाट व्यवस्थापनाच्या जागांची. या वाटेवर मधले लोक उभे असतात आणि ‘आज पैसे टाका, उद्या जागा जाईल’ हे त्यांचे ठरलेले वाक्य असते. अशा मनुष्याच्या हाती रोकड देऊ नये; पैसे महाविद्यालयाच्या खात्यावर जावेत आणि पावती हाती यावी. प्रवेशासाठी देणगी घेण्यास मनाई करणारा कायदा कर्नाटकात १९८४ पासून आहे, परंतु कायदा असणे आणि त्याच्या बळावर भरलेले पैसे परत मिळणे यांत फार अंतर आहे.

पत्र वाचता वाचता मुलीने एक चांगला प्रश्न विचारला, “काका, पदवी हे कॉलेज देणार की आणखी कोणी?” के. आर. पुरमच्या आसपासची बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठास संलग्न आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे मुख्य ठाणे बेळगावला. म्हणजे बेळगावची मराठी मुलगी पाचशे किलोमीटर दूर बंगळूरला शिकावयास जाते आणि तिची पदवी तिच्या गावाहून येते! ज्यांच्या नावे हे विद्यापीठ आहे त्यांनी हा प्रवास उलट दिशेने केला होता. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून गुजराण करीत ते १८८१ मध्ये बी. ए. झाले, म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले, आणि १८८३ मध्ये स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले. असो. संलग्नता आहे की नाही, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता त्या विशिष्ट शाखेस चालू वर्षापुरती आहे की नाही, हे विद्यापीठाच्या व परिषदेच्या संकेतस्थळांवर घरबसल्या पाहता येते. महाविद्यालयाच्या रंगीत माहितीपत्रकावर ते पाहू नये.

आता कागदांविषयी. या बाबतीत मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझे एक वर्ष कागदापायी गेले आहे. बारावीनंतर मला परप्रांतातील एका महाविद्यालयात जागा मिळाली. कचेरीत मूळ गुणपत्रिका व दाखला मागितला, मी दिला. पोच मागण्याचे सुचले नाही. वडील बाहेर व्हरांड्यात उभे होते, त्यांनाही सुचले नाही. बारा दिवसांनी मला हव्या असलेल्या शाखेत दुसरीकडे जागा निघाली. मूळ कागद परत मिळावेत म्हणून आम्ही तीन वेळा त्या कचेरीत गेलो. कारकून कधी रजेवर, कधी कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. कागद हाती आले तेव्हा दुसरी जागा भरून गेली होती. पहिल्या जागी भरलेले शुल्कही परत आले नाही. वडिलांनी त्याबद्दल मला एक शब्द कधी विचारला नाही आणि मलाही तो विषय त्यांच्यापाशी काढण्याचा धीर पुढे कधी झाला नाही.

आज परिस्थिती पुष्कळ बरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे संस्थेने मूळ कागद तपासून लगेच परत करावयाचे आहेत. ठेवून घ्यावयाचे नाहीत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस किंवा त्याहून आधी जागा सोडल्यास, किरकोळ कपात वगळता, सारे शुल्क परत. त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत सोडल्यास शेकडा ९०. तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ८०. तीस दिवसांपर्यंत ५०. त्यापुढे काही नाही. तंत्रशिक्षण परिषदेचे नियम व तारखा निराळ्या असतात आणि दरवर्षी जाहीर होतात. आपल्याला कोणता नियम लागू, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे.

महाराष्ट्र मंडळातून बारावी झालेल्या मुलास कर्नाटकात जाताना दोन कागद अधिक लागतात. पहिला मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र. सोलापूरकरांचे विभागीय मंडळ पुण्यास आहे, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर हे काम टाकू नये. दुसरा, तेथील विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र. ते सहसा महाविद्यालयामार्फत मिळते, परंतु मागितल्यावाचून मिळत नाही, आणि त्याची आठवण पुष्कळांना परीक्षेचा अर्ज अडकल्यावर होते. शिवाय, आपल्याकडील अकरावी-बारावीला तेथे ‘पी. यू.’ म्हणतात. खिडकीवर ‘पी. यू. मार्क्स कार्ड’ मागितले म्हणजे बारावीची गुणपत्रिका द्यावी, गोंधळून जाऊ नये. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्याचे एक व पालकांचे एक, असे दोन द्यावे लागतात.

पैशाचे थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यातील महाविद्यालयांत मिळणारी फी-सवलत राज्याबाहेर गेल्यावर सहसा मिळत नाही, हे हिशेबात धरावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मात्र ज्याचे राज्य तेच देते, परराज्यात शिकत असला तरी. तिची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरीत निघण्यापूर्वी करावी. बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण मागत नाहीत. परतफेड शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होते, व्याज मात्र पहिल्या हप्त्याच्या दिवसापासून चढते. ते किती चढेल याचे गणित मी त्या मुलीलाच करावयास लावले. आकडा पाहून ती गप्प झाली, मग वडिलांना म्हणाली, “बाबा, नवा मोबाईल नको.”

के. आर. पुरम हे बंगळूरच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावरचे. हाच रस्ता पुढे होसकोटे आणि कोलारला जातो. एके काळी हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. नवख्या माणसाची पहिली फसगत नावांत होते. के. आर. पुरम निराळे, के. आर. मार्केट निराळे, के. आर. सर्कल निराळे, आणि के. एस. आर. हे तर मुख्य रेल्वे स्थानकाचे नाव, बेळगाव जिल्ह्यातील क्रांतिवीर संगोळी रायण्णांच्या स्मरणार्थ दिलेले. ‘के. आर.’ एवढेच ऐकून रिक्षावाल्याने भलतीकडे नेलेले पाहुणे मी माझ्या घरी पाहिले आहेत. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसने निघालेला विद्यार्थी के. एस. आर. स्थानकावर उतरतो, के. आर. पुरम तेथून चौदा-पंधरा किलोमीटर आहे. स्थानकालगतच मेट्रोची जांभळी मार्गिका मिळते आणि ती सरळ के. आर. पुरमला नेते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मार्गिका अखंड सुरू झाली. त्यापूर्वी टिन फॅक्टरीचा चौक आणि २००३ सालचा तो तारांवर तोललेला पूल ओलांडणे हाच दिवसाचा मोठा उद्योग असे. वाहनांची दाटी तेथे आजही आहेच.

राहण्याची जागा दुरून, छायाचित्रांवर भाळून ठरवू नये. वसतिगृह मिळाल्यास पहिले वर्ष तेथेच काढावे. न मिळाल्यास ‘पी. जी.’ पाहावे लागते. तेथे भाड्याआधी पाण्याची चौकशी करा: कावेरीचे पाणी येते, कूपनलिका आहे, की टँकर? २०२४ च्या उन्हाळ्यात शहराच्या पूर्वेकडील वस्त्यांत पाण्याची जी टंचाई झाली ती राहणाऱ्यांच्या चांगलीच लक्षात आहे. दुसरा प्रश्न अनामतीचा: किती घेणार, सोडताना रंगरंगोटीच्या नावाखाली किती कापणार, सूचना किती दिवस आधी द्यावयाची. उत्तरे कागदावर घ्या. तिसरी गोष्ट म्हणजे महाविद्यालयापासून त्या दारापर्यंतचा रस्ता संध्याकाळी सातनंतर एकदा पायी चालून पाहणे. मुलीच्या आईने हे चालणे केले आणि ठरत आलेली एक जागा नाकारली. कारण विचारता ती एवढेच म्हणाली, “दिवे नाहीत.” बरोबर एक स्वेटर असू द्यावा, सोलापूरच्या मुलांना बंगळूरचा पावसाळा थंड वाटतो.

भाषेची तयारी पुष्कळांना अनावश्यक वाटते, कारण बंगळूरात इंग्रजी-हिंदीवर निभते असे ऐकलेले असते. वर्गात निभते. खानावळीत, बसमध्ये, घरमालकिणीपाशी निराळी गत होते. विश्वेश्वरय्या विद्यापीठाने कानडी न येणाऱ्यांसाठी ‘बळके कन्नड’ हा छोटा विषय ठेवला आहे. बळके म्हणजे वापरातली. आपणा मराठी माणसांना तर अर्धे घर आधीच उघडे आहे. अण्णा आणि अक्का तिकडेही आहेत, तुपाला ते तुप्प म्हणतात, आणि आपल्याला प्रिय असलेला ळ त्यांच्याही जिभेवर आहे. बेकु, बेड, एष्टु, नीरु, ऊट, गोत्तिल्ल, म्हणजे हवे, नको, किती, पाणी, जेवण आणि ‘ठाऊक नाही’, एवढे सहा शब्द गाडीत पाठ होतात. सोलापूरच्या बाजारात कानडी कानावर पडतेच. मात्र बंगळूरची बोली थोडी निराळी आणि जरा मऊ आहे.

आणि अभ्यास? जागा मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे पाच-सहा आठवडे मुले विश्रांतीचे समजतात, आणि विश्रांती त्यांनी मिळविलेली असतेच. तथापि रोज तासभर बारावीचे गणित, विशेषतः कलन आणि सदिश, पुन्हा हाती धरावे. पहिल्या वर्षी निम्म्या तुकड्यांना आधी ‘फिजिक्स सायकल’ व निम्म्यांना ‘केमिस्ट्री सायकल’ असते. आपली कोणती, हे कळताच त्या विषयाचे पुस्तक चाळावे. मराठी माध्यमातून आलेल्याने रोज इंग्रजीतील दोन पाने वाचून त्यांचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा. वर्गात पडणारा वेग याच सवयीने झेपतो. नुसती शब्दकोशाची पाने उलटून झेपत नाही. उपस्थितीचा नियम शेकडा ८५ चा आहे. गणपती आणि दिवाळीची रजा आठवडा आठवडा वाढविणाऱ्यांना हा आकडा डिसेंबरात आठवतो.

हे सर्व मी वडिलांना सांगत नव्हतो, मुलीला सांगत होतो, आणि वडील मधूनमधून अस्वस्थ होत होते. “ते मी करीन, तिला कशाला त्रास?” असे ते दोनदा म्हणाले. परंतु सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी परीक्षा विभागाच्या खिडकीवर ती एकटी उभी असेल. वडील सोलापुरात असतील. म्हणून स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज तिने भरला, बँकेत प्रश्न तिने विचारले, पी. जी.च्या मालकिणीशी फोनवर ती बोलली. प्रथम आवाज कापत होता. चौथ्या फोनला तिने अनामतीतून एक महिन्याचे भाडे कमी करून घेतले. मला बारा वर्षांत ते कधी जमले नव्हते.

निघण्याच्या आदल्या रात्री तिच्या आईने चटणीचे डबे बांधले आणि वडिलांनी कागदांची फाईल. मी तिला विचारले, “मूळ प्रती कोणाजवळ?” ती म्हणाली, “माझ्याजवळ. आणि काका, कोणी मागितल्या तर आधी पोच.”