बोलत्या माणसांचं वर्ष

या वर्षी वाचलेल्या पुस्तकांत सगळ्यात वर मी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ठेवते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज, मिळकत बेताची. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळेल, अशी बातमी आली, तेव्हा तो काकांना सोबत घेऊन 1857 साली उत्तरेकडे निघाला. वाटेत भेटलेल्या शिपायांनी पुढे काय पेटणार आहे ते सांगितलं, तरी दोघे मागे फिरले नाहीत. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा गोडसे भटजी शहरातच होते.

सत्तावन्नच्या बंडावर पुस्तकं पुष्कळ आहेत. पण हा माणूस इतिहास लिहायला बसलेला नाही, आणि मला त्याचंच मोल वाटतं. कुठे कोणी किती दक्षिणा दिली, कुठल्या क्षेत्रात काय पाहिलं, कुठल्या घरी जेवण कसं होतं, हे तो ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात झाशीची कत्तलही सांगतो. आवाज चढवत नाही, उसासे टाकत नाही. त्यामुळेच ती पानं वाचताना छातीत धस्स होतं. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला झाशीची राणी भेटते. धुळीने माखलेली, तहानलेली, पराभव पाहून आलेली. ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावं हे तिला पटत नाही, म्हणून दोर तीच हाती घेते. पुतळ्यांतली आणि सिनेमांतली राणी मी लहानपणापासून पाहत आले, पण लक्ष्मीबाई नावाची बाई मला पहिल्यांदा दिसली ती या विहिरीवर.

भटजी पुन्हा पुन्हा लुटले गेले आणि कमाई हाती राहिली नाही. तरीही गंगेची कावड त्यांनी वरसईपर्यंत आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. आपल्याला हे पुस्तक बंडाचं वाटतं. त्यांच्या लेखी प्रवास सार्थकी लागला तो या स्नानाने. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात खऱ्या आहेत. चिंतामण विनायक वैद्यांनी भटजींना लिहायला लावलं आणि 1907 मध्ये पुस्तक छापलं, ते मजकुरात फेरफार करून. काळ ब्रिटिशांचा होता, वैद्यांची सावधगिरी समजू शकते. मूळ लेखन 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केलं. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक, पहिली काही पानं दमवतात. मग कान सरावतो आणि माणूस समोर बसून बोलू लागतो.

असंच समोर बसून बोलणारं दुसरं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. त्यातले उतारे शाळेत वाचले होते, अख्खं पुस्तक या वर्षी वाचलं. उताऱ्यांमुळे माझी समजूत अशी झाली होती की, हे एका विसराळू कवीच्या संसाराचं हसतखेळत केलेलं वर्णन आहे. हसू आहेच. पण 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि बायकोच्या पायाखालची जमीन सरकली, तिथून पुढची पानं हसत वाचता येत नाहीत. नवरा जिवंत असून दुरावलेला, लहान मूल पदरी, नातेवाईकांच्या घरी आसरा आणि दर दिवशी लोकांच्या नजरा. हे सगळं सांगताना बाई ना टिळकांवर सूड उगवतात, ना स्वतःला सती-सावित्री ठरवतात. त्यांना टिळकांचा राग येतो आणि टिळकांवर त्यांचं प्रेमही आहे. दोन्ही एका परिच्छेदात येतं आणि खोटं वाटत नाही.

सोवळ्याने पछाडलेल्या वडिलांच्या घरात वाढलेली ही बाई पुढे एका क्षणी ठरवते की जात माणसाने केली, देवाने नाही, आणि त्यानंतर कुणाच्याही हातचं पाणी पिते. हा बदल त्यांनी कुठल्या ग्रंथातून घेतला नाही, स्वतः विचार करून त्या तिथे पोचल्या. मी ते पान तीनदा वाचलं. शाळा न पाहिलेल्या या बाईने टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे पुरं केलं. मराठी गद्य कसं असावं असं कुणी विचारलं, तर मी आता याच पुस्तकाकडे बोट दाखवीन.

या दोघांच्या पाठोपाठ ‘ययाति’ वाचायला घेतलं, आणि तिथे माझं जमलं नाही. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी 1959 ची, ज्ञानपीठ मिळवून देणारी, कित्येक घरांत आदराने ठेवलेली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली कहाणी सांगतात, ही रचना मोठी आकर्षक आहे. पण तिघांच्या तोंडी एकच आवाज आहे. राजा, गुरुकन्या आणि दासी झालेली राजकन्या एकसारखीच उपमांनी मढवलेली वाक्यं बोलतात, आणि दर दुसऱ्या पानावर एक सुविचार. वासनेचा प्रश्न खांडेकरांना आतून छळत होता हे जाणवतं, पण माणसं दिसत नाहीत.

महाभारत हवं असेल तर इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ वाचावं. 1967 चं हे पुस्तक आकाराने लहान आहे. बाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, त्यामुळे देवत्वाची पुटं बाजूला सारून त्या कुळं, नाती, जमीन आणि सत्ता पाहतात. खांडववन जाळताना त्यातला एकेक जीव का मारला गेला, हा ‘मयसभा’ प्रकरणातला त्यांचा प्रश्न इतका सरळ आहे की, तो आपल्याला आधी का पडला नाही याचंच नवल वाटतं. त्यानंतर कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं ‘पर्व’ उमा कुलकर्णींच्या अनुवादात वाचलं. चमत्कार वगळून उरलेलं महाभारत. ते भारदस्त आहे, कुठे कुठे फार पसरलेलं आहे, पण त्यातला म्हातारा, थकलेला, युद्धाला कंटाळलेला भीष्म मनातून जात नाही.

उन्हाळ्यात ‘धग’ आणि ‘बारोमास’ लागोपाठ वाचली. उद्धव शेळक्यांची कादंबरी 1960 ची, सदानंद देशमुखांची 2002 ची, आणि दोन्हीकडची माणसं वऱ्हाडी बोलतात. ‘धग’मधली कौतिक हे मराठी कादंबरीतलं अव्वल पात्र आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कामाला न धजणारा शिंपी नवरा, त्याला जडलेला महारोग, पोरांची पोटं. ही बाई हरत जाते, पण हात थांबवत नाही. शेळके तिच्यावर दया दाखवत नाहीत, म्हणून आपण तिचा आदर करतो. ‘बारोमास’मधला एकनाथ शिकलेला आहे, पण शिक्षकाच्या नोकरीसाठी मागितलेले पैसे घरात नाहीत, आणि शेतीत जीव उरलेला नाही. कौतिकला वाटत होतं की पोरगं शिकलं की सुटलं. चार दशकांनी शिकलेलं पोरगं काय करतं आहे, ते देशमुखांनी दाखवलं. ही दोन पुस्तकं एकामागोमाग वाचण्यासारखीच आहेत.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ एका रात्रीत संपली. 1939 ची ही छोटी कादंबरी. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि त्या ज्यूंमधली हॅर्टा. ज्यूंचा पुढचा संहार अजून जगाला कळायचा होता, तेव्हा एका मराठी लेखकाने हे लिहून ठेवलं होतं. शेवट सांगत नाही; ज्यांनी वाचली नसेल त्यांनी तो स्वतःच गाठावा.

पावसाळा प्रकाश नारायण संतांच्या लंपनबरोबर गेला. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’, चारही. आजी-आजोबांकडे राहणारा, बेळगाव भागातली कानडी हेलाची मराठी बोलणारा हा मुलगा. लहान मुलांवर लिहिणारे बहुतेक लेखक वरून वाकून पाहतात. संत लंपनच्या उंचीवरून पाहतात, त्यामुळे रस्ता, झाडं, मैत्रीण सुमी, गाण्याचा क्लास, सगळं मोठं आणि पहिल्यांदाच पाहिल्यासारखं दिसतं. ‘पंखा’तल्या काही कथा मला ‘वनवास’इतक्या घट्ट वाटल्या नाहीत, तरी संतांनी आणखी लिहायला हवं होतं. 2003 मध्ये ते अपघातात गेले.

वाचनालयात अलीकडची पुस्तकं पुढच्या फळीवर असतात आणि ही सगळी मागच्या कपाटात. मागितल्याशिवाय ती कुणी काढून देत नाही, आणि बरीच वर्षं कुणी मागितली नाहीत की रद्दीत जातात. म्हणून वाचकांना एक विनंती: आपल्या वाचनालयात जाऊन ती नावानिशी मागा. ‘माझा प्रवास’ मागाल तेव्हा पोतदारांनी काढलेली मूळ प्रत मागा, आणि ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्ती कुणी हातात ठेवली, तर ती परत करून पूर्ण पुस्तकच घ्या.