शेतकऱ्याचे पत्र आणि त्याचे गिऱ्हाईक

कापडाच्या व्यापाऱ्याचे ठाण आज खपले नाही, तरी ते उद्या खपते. शेतकऱ्याच्या मालाची गोष्ट तशी नाही. फळे आणि भाज्या तोडल्यानंतरही जिवंत असतात. त्यांचे श्वसन चालू राहते आणि त्यांच्यातील साठा घटकेघटकेला कमी होत जातो. बाजारात ज्याला स्वीट कॉर्न म्हणतात, त्या मधुमक्याचे उदाहरण बोलके आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या कणसातील सुमारे ६० टक्के साखरेचे एका दिवसात पिष्टात रूपांतर होऊ शकते. तेच कणीस ० अंशाच्या जवळ ठेवले, तर हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास राहते. मोठ्या बागाईतदाराजवळ शीतगृह असते, थंड ठेवलेली वाहने असतात. दोन-तीन एकरांच्या धन्याजवळ यांपैकी काहीच नसते. काळाशी झुंजण्याचा त्याला एकच मार्ग उरतो : माल तोडण्यापूर्वीच तो कोणाच्या घरी जावयाचा आहे, हे ठरलेले असणे.

हे आधी ठरविण्याचे काम अमेरिकेतील व युरोपातील अनेक लहान शेतकरी आज ई-मेलच्या द्वारे करतात. आठवड्यातून एकदा शेतावरून एक पत्र निघते आणि शे-दोनशे घरी पोहोचते. वरवर पाहता ही एक स्वस्त जाहिरात वाटते. तिचे मर्म कळण्यासाठी मात्र थोडे मागे जाऊन शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यामधील अंतराचा विचार करावयास हवा.

मध्यस्थ कशाचा मोबदला घेतो?

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार, टोमॅटोसाठी ग्राहकाने मोजलेल्या रुपयातून शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३३ पैसे पडतात; कांद्याच्या बाबतीत ३६ पैसे आणि बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे. अमेरिकेत अन्नावर खर्च होणाऱ्या डॉलरमधील शेतकऱ्याचा वाटा अलीकडच्या वर्षांत सुमारे १५ सेंट इतकाच आहे, कारण तेथे प्रक्रिया, बांधणी आणि उपाहारगृहे यांचा खर्च मोठा असतो.

मधल्या माणसाला दोष देणे सोपे आहे. परंतु तो जो मोबदला घेतो, त्यातील एक भाग ज्ञानाचा असतो. कोणत्या पेठेत कोणता माल हवा आहे, किती हवा आहे आणि केव्हा हवा आहे, हे त्याला ठाऊक असते. शेतकऱ्याला ते ठाऊक नसते. माल पडून राहण्याचा धोकाही पुष्कळदा तोच पत्करतो. तेव्हा शेतकऱ्याला त्याच्या वाट्यातील काही पैसे मिळवावयाचे असतील, तर त्याचे हे कामही अंगावर घ्यावे लागते. गिऱ्हाईक कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, याची नोंद ठेवणे हा त्या कामाचा पहिला भाग होय.

टपालखात्याचा एक जुना प्रयोग

असा प्रयत्न अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे. १ जानेवारी १९१३ रोजी तेथील टपालखात्याने पार्सल टपाल सुरू केले. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, ‘शेतावरून ताटात’ अशा अर्थाच्या नावाने खात्याने एक योजना हाती घेतली. लोणी, अंडी, भाजीपाला विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांची नावे टपालखात्याने गोळा करावयाची, त्यांच्या याद्या शहरवासीयांना द्यावयाच्या आणि माल टपालानेच घरोघर पोहोचवावयाचा, अशी ती योजना होती. ती फार वर्षे टिकली नाही. तिच्या मुळाशी असलेली कल्पना मात्र आजही तीच आहे : माल हलण्यापूर्वी नावांची यादी आणि पत्र ही दोन साधने हलली पाहिजेत.

१९८६ साली या कल्पनेला निराळे वळण मिळाले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘इंडियन लाइन फार्म’ आणि न्यू हॅम्पशायर राज्यातील ‘टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्म’ या दोन शेतांवर त्या वर्षी भाजीपाल्याचा पहिला सामायिक हंगाम झाला. या पद्धतीला समाजाश्रित शेती असे म्हणता येईल. आसपासची कुटुंबे हंगामाच्या आरंभीच शेताच्या खर्चाचा आपला वाटा उचलतात आणि पुढे दर आठवड्याला निघेल त्या पिकातील वाटा घेऊन जातात. पीक भरघोस आले, तर पेटी भरते; गारपीट झाली, तर ती हलकी होते. जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात ‘तेइकेइ’ या नावाने असेच व्यवहार उभे राहिले होते.

अशा व्यवहारात पत्र लिहिणे भागच असते. ज्याने पैसे आधी दिले आहेत, त्याला या आठवड्याची पेटी हलकी का आहे, हे सांगितलेच पाहिजे. आरंभी असे पत्रक कागदावर छापून पेटीत ठेवीत. त्यात एक उणीव होती. ते मालाबरोबरच घरी पोहोचत असे. मालाच्या पुढे धावून गिऱ्हाइकाचा निरोप परत आणणे त्याला शक्य नव्हते. ई-मेलने ही उणीव भरून काढली.

पत्र मालाच्या पुढे जाते

याचा लाभ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतावर १२० कुटुंबांची यादी आहे. शनिवारच्या वाटपासाठी पालकाच्या ९० जुड्या तयार होतील, असा अंदाज आहे. शेतकरी बुधवारी सकाळी पत्र पाठवितो आणि गुरुवारी रात्रीपर्यंत मागणी कळविण्यास सांगतो. शुक्रवारी पहाटे त्याच्यासमोर आकडा असतो : मागणी ६५ जुड्यांची आहे. तो ६५ जुड्याच कापतो. उरलेला पालक वाफ्यात उभा राहतो आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला ताजा मिळतो. पत्र नसते, तर ९० जुड्या कापल्या गेल्या असत्या आणि २५ जुड्या शनिवारी संध्याकाळी उकिरड्यावर पडल्या असत्या. ज्याचे शीतगृह नाही, त्याच्यासाठी उभे पीक हेच कोठार असते, आणि पत्रामुळे त्या कोठाराचा उपयोग करता येतो.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे अनेक देशांत बाजार आणि उपाहारगृहे बंद झाली, तेव्हा या यादीचे मोल विशेष प्रत्ययास आले. ज्या शेतकऱ्यांचा सारा माल उपाहारगृहांकडे जात असे, त्यांना नवे गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले. ज्यांच्याजवळ गिऱ्हाइकांचे पत्ते होते, ते त्याच दिवशी त्यांना लिहू शकत होते. अमेरिकी कृषिखात्याच्या पाहणीनुसार २०२० साली तेथील सुमारे १,४७,००० शेतांनी थेट विक्रीच्या निरनिराळ्या मार्गांनी आपला माल जवळपासच्या लोकांना विकला. त्या विक्रीची किंमत सुमारे ९ अब्ज डॉलर होती.

विश्वासावर उभे राहिलेले टपाल

ई-मेल हे साधन शेतीसाठी जन्मलेले नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अभियंत्याने दोन संगणकांमध्ये संदेश पाठविण्याची सोय केली आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह बसविले. १९८२ मध्ये टपालाच्या देवघेवीचे सर्वमान्य नियम ठरले. त्या काळी हे जाळे वापरणारे लोक बहुतांशी संशोधक होते. त्यामुळे पाकिटावर पाठविणाऱ्याचे जे नाव असेल, ते खरेच आहे की नाही, हे तपासण्याची व्यवस्था त्या नियमांत ठेवण्यात आली नाही.

या भाबडेपणाचा फायदा घेण्याचा प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. मे १९७८ मध्ये एका संगणक कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना, त्यांनी मागितले नसताना, आपल्या नव्या यंत्राची जाहिरात पाठविली. अनेकजण चिडले; काही यंत्रे विकलीही गेली. या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळेच पुढचा अनर्थ घडला. नको असलेल्या पत्रांचा असा लोंढा वाहू लागला की टपाल चालविणाऱ्या कंपन्यांना दारावर पहारे बसवावे लागले.

लहान शेतकऱ्याचे पत्र आज याच पहाऱ्यातून आत जाते. पहारेकरी मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. पहिली, ज्या यंत्रावरून पत्र निघाले, त्याला त्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार आहे काय? दुसरी, पत्रावरची गणिती स्वाक्षरी जुळते काय, म्हणजेच वाटेत मजकूर कोणी बदलला नाही ना? तिसरी, हे पत्र मिळालेल्या लोकांनी त्याविषयी तक्रार केली आहे काय? पहिल्या दोन गोष्टी कोणाही जाणकाराकडून एकदा नीट लावून घेता येतात. तिसरी मात्र शेतकऱ्याच्या वर्तनावर अवलंबून असते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी दिवसाला हजारो पत्रे पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. तक्रारींचे प्रमाण दर हजारी ३ पर्यंत जाऊ नये आणि यादीतून नाव काढण्याची सोय एका कळीत व्हावी, असे त्यांनी ठरविले. शेतकऱ्याची पत्रे शे-दोनशे असल्याने हा नियम त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी हिशेब करून पाहण्यासारखा आहे : २०० घरांच्या यादीत एकाच घराने तक्रार केली, तर ते प्रमाण हजारी ५ होते.

यावरून विकत घेतलेली यादी निरुपयोगी का, हे ध्यानात येईल. ज्या माणसाने शेत पाहिले नाही आणि पत्ता दिला नाही, त्याला पत्र गेले की तो तक्रारीची कळ दाबतो. आणि त्याचे फळ ज्यांनी आपण होऊन पत्ता दिला होता, त्यांना पाठविलेल्या पत्रांनाही भोगावे लागते.

पत्रात काय असावे?

चांगल्या शेतपत्राची रचना साधी असते. विषयाच्या ओळीत या आठवड्याची ठळक गोष्ट यावी : ‘पहिला टोमॅटो, मागणी गुरुवारपर्यंत’. आत प्रथम मालाची यादी, माप आणि दर. मग मागणी कशी व केव्हापर्यंत कळवावी, हे. त्यानंतर माल कोठे व किती वाजता मिळेल, हे. गिऱ्हाइकाला अपरिचित अशी भाजी असेल, तर ती कशी शिजवावी, याच्या चार ओळी द्याव्यात. कारण न ओळखलेली भाजी घरात सडते आणि पुढच्या वेळी कोणी ती मागत नाही. अखेरीस शेताचा पत्ता आणि यादीतून नाव काढण्याची सोय असावी. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून अमलात असलेल्या कायद्याने जाहिरातीच्या पत्रात या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. सर्वांचे पत्ते एकमेकांना दिसतील अशा रीतीने पत्र पाठविणे हा मात्र विश्वासघात होय.

पत्राचा वारही ठरलेला असावा. पीक नसताना दोन महिने मौन आणि माल साचला की रोज एक पत्र, या पद्धतीने गिऱ्हाईक विटते. हंगाम बुडाला, तर तेही लिहावे. कीड कोणती पडली, किती वाफे गेले, पुढचे पीक केव्हा येईल, हे वाचलेले गिऱ्हाईक हलकी पेटी स्वीकारते. त्याला काहीच कळविले नाही, तर आपण फसविले गेलो, असे त्याला वाटते.

पत्राचे यश मोजताना एक सावधगिरी आवश्यक आहे. पत्रात एक अदृश्य चित्र ठेवून ते किती जणांनी उघडले, हे मोजण्याची रीत आहे. परंतु २०२१ सालापासून ॲपल कंपनीच्या टपालव्यवस्थेत ही चित्रे, माणसाने पत्र उघडले नसले तरी, आपोआप मागविली जाण्याची सोय झाली. त्यामुळे तो आकडा फसवा ठरला आहे. किती घरांनी मागणी नोंदविली, किती जणांनी उत्तर लिहिले आणि शनिवारी किती माल उरला, हे तीन आकडे वहीत मांडले, तर त्यांत फसगत नाही.

भारतातील शेतकऱ्यासाठी

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील सुमारे ८६ टक्के वहितीखाते दोन हेक्टरांहून लहान होते. थेट विक्रीची कल्पना येथे नवी नाही. १९८७ साली पंजाबात ‘अपनी मंडी’, आणि १९९९ साली आंध्र प्रदेशात ‘रयतू बाजार’ व तामिळनाडूत ‘उळवर संदै’ सुरू झाले. कोकणातील हापूसचे अनेक बागाईतदार मुंबई-पुण्याच्या घरांची मागणी हंगामापूर्वीच घेतात. आठवडी बाजारात मात्र गिऱ्हाईक पिशवी भरून निघून जाते आणि त्याचे नाव शेतकऱ्याजवळ राहत नाही.

भारतात घरगुती निरोपासाठी ई-मेलपेक्षा भ्रमणध्वनीवरील संदेश अधिक रूढ आहेत. साधन बदलले, तरी वर सांगितलेले तत्त्व बदलत नाही. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानेही हेच तत्त्व मान्य केले आहे : संमती मोकळ्या मनाने दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणे सोपे असावे. एकट्या शेतकऱ्याला पत्रव्यवहार झेपत नसेल, तर शेतकरी उत्पादक कंपनीने वा गावच्या गटाने एक जाणता मुलगा किंवा मुलगी त्या कामावर नेमावी. अनेक शेतांचा माल एका पत्रात आला, तर पेटीत विविधताही येते.

या सर्वांचा आरंभ यंत्रापासून करण्याचे कारण नाही. विक्रीच्या जागी एक वही ठेवावी. ‘पुढच्या आठवड्यात काय निघणार आहे, ते कळवू काय?’ असे विचारावे आणि होकार देणाऱ्याचे नाव, पत्ता व तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्यावी. पहिल्या महिन्यात वीसच नावे जमली, तरी चिंता नाही. तोडणीच्या आदल्या दिवशी वीस घरांची निश्चित मागणी हाती असणे, हे दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान भांडवल नव्हे.