शब्द लेखनिकाचे, उत्तर स्वतःचे

नामवंत खेळाडू किंवा कलावंताचे आत्मचरित्र प्रकाशित होण्याच्या सुमारास त्याच्या मुलाखतींचे सत्र सुरू होते. प्रसिद्धीचे तंत्र म्हणून त्याकडे पाहिले जात असले, तरी त्याला आणखी एक महत्त्व आहे. असे पुस्तक अनेकदा व्यावसायिक लेखकाने शब्दबद्ध केलेले असते. मुलाखतीत मात्र मजकुराची जबाबदारी ज्याचे नाव मुखपृष्ठावर आहे, त्यालाच घ्यावी लागते.

टेनिसपटू आंद्रे अगासीचे २००९मधील 'ओपन' हे याचे ठळक उदाहरण. पुलित्झर विजेते पत्रकार जे. आर. मोरिंगर यांनी अगासीशी दीर्घ संवाद साधून ते लिहिले. मुखपृष्ठावर स्वतःचे नाव मात्र नाकारले. १९९७मध्ये आपण क्रिस्टल मेथ हे अमली द्रव्य घेतले आणि चाचणीत दोषी आढळल्यावर टेनिस संघटनेला खोटे पत्र लिहून कारवाई टाळली, अशी कबुली अगासीने त्यात दिली. प्रकाशनापूर्वीच उतारे प्रसिद्ध झाले आणि मार्टिना नवरातिलोवानेही त्याच्यावर कडाडून टीका केली.

नोव्हेंबर २००९मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात केटी कुरिक यांनी त्याला याबाबत छेडले. व्यसनात अडकलेल्या माणसाला निंदेपेक्षा मदतीची गरज असते, अशी भूमिका त्याने मांडली. ती पटो वा न पटो, उत्तर त्याचे स्वतःचे होते.

वाचकाला पुस्तकाला प्रतिप्रश्न विचारता येत नाही. ते काम मुलाखतकाराचे. त्यानेच पुस्तक वाचले नसेल, तर मुलाखतीची जाहिरात व्हायला वेळ लागत नाही.