शाळेची भाषा, घरची भाषा : धारवाड आणि वेल्स

मी धारवाडचा मराठी भाषक. एकोणिसाव्या शतकात धारवाड मुंबई इलाख्यात होते. कन्नड घरांतल्या अनेक मुलांना तेव्हा मराठी शाळेत शिकावे लागे. डेप्युटी चन्नबसप्पांनी कन्नड शाळांसाठी खटपट केली. १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ उभा राहिला.

ब्रिटनमधील वेल्स या देशातही असेच घडले. १८४७ च्या सरकारी अहवालाने तिथल्या मागासलेपणाचे खापर वेल्श भाषेवर फोडले. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर शाळा वाढल्या, पण इंग्रजीच्या. वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघायला १९३९ साल उजाडले.

दोन्हीकडे शाळा आधी आली, घरची भाषा मागाहून. धारवाडात वाट अडवणारी भाषा आपली मराठी होती. आज मराठी शाळांसाठी बोलताना मला हे आठवते.