पंखातला न दिसणारा तडा

स्पार म्हणजे विमानाच्या पंखातून लांबीभर जाणारी मुख्य तुळई. उडताना पंख वर वाकतो आणि तुळईच्या खालच्या पट्टीवर ताण येतो. वाऱ्याच्या प्रत्येक धक्क्याने, प्रत्येक उतरण्याने तो कमीजास्त होत राहतो आणि ॲल्युमिनियम थकत जाते. तडा बहुधा बोल्टच्या छिद्राच्या कडेला सुरू होतो, कारण ताण तिथे एकवटतो.

४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतील डेटोना बीच येथे पायपर ॲरो जातीच्या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख हवेतच तुटला. विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही दगावले. विमान २००७ सालचे, म्हणजे जुनाट मुळीच नव्हते. मात्र ते सुमारे ७,६९० तास उडाले होते. तडा बोल्टखाली, जोडाच्या आत वाढला होता. नेहमीच्या तपासणीत डोळ्यांना तो दिसणे शक्यच नव्हते.

त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने पायपरच्या अनेक विमानांसाठी एडी करंट तपासणी सक्तीची केली. २०२१ च्या सुरुवातीला लागू झालेल्या या आदेशात नुसते उड्डाणाचे तास मोजलेले नाहीत. प्रशिक्षणाच्या आणि भाड्याच्या विमानांना दर १०० तासांनी तपासणी करावी लागते. अशा तपासण्यांचे तास पूर्ण धरायचे आणि उरलेल्यांना १७ ने भागायचे. बेरीज ५,००० झाली की बोल्ट काढून छिद्र तपासायचे. खडतर वापर ओळखण्याची ही रीत खरोखर विचारपूर्वक आखलेली आहे.

एडी करंट तपासणीत प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह असलेले छोटे वेटोळे छिद्रात फिरवतात. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात; तडा आला की ते अडतात आणि उपकरणावरचा संकेत बदलतो. पण बोल्ट काढताना पडलेला ओरखडा किंवा गंजही असाच संकेत देऊ शकतो. म्हणून ठाऊक मापाची खाच असलेल्या नमुना तुकड्यावर उपकरण आधी जुळवून घ्यावे लागते, छिद्र स्वच्छ हवे आणि तंत्रज्ञ या कामासाठी प्रमाणित हवा. भेगेत रंगीत द्रव मुरवणारी डाय पेनिट्रंट पद्धत स्वस्त आहे, पण तडा पृष्ठभागावर उघडा असेल तरच ती उपयोगी पडते.

आदेशातल्या पद्धतीऐवजी दुसरी वापरायची असेल तर प्रशासनाची मंजुरी लागते. नवी पद्धत त्याच जागचा, तितकाच बारीक तडा पकडते हे मंजुरीआधी प्रत्यक्ष नमुन्यांवर सिद्ध व्हायलाच हवे, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी ती सुचवणाऱ्याची असली पाहिजे.